संशयाच्या दफ्तरातील शास्त्रज्ञ

शास्त्री नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, तेथे दक्षिण तीरावर जयगडचा किल्ला उभा आहे. विजापूरकरांनी बांधलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराला आश्रय देणारा हा किल्ला पेशवाईच्या अस्ताबरोबर १८१८ साली इंग्रजांच्या हवाली झाला. त्याच वर्षी तिकडे कलकत्त्यात कंपनी सरकारने एक कायदा मंजूर केला. त्याचा गवगवा त्या वेळी फारसा झाला नसला, तरी या देशातील कित्येक विद्वानांचे, पत्रकर्त्यांचे आणि देशभक्तांचे आयुष्य त्याने पुढे सव्वाशे वर्षे बांधून ठेवले. बंगालचे १८१८चे तिसरे रेग्युलेशन ते हेच. एखाद्या इसमावर न्यायालयात खटला चालविण्याइतका पुरावा हाती नाही, किंवा असूनही तो उघड करणे सरकारला सोयीचे नाही, अशा प्रसंगी त्या इसमास केवळ राजकारणाच्या कारणास्तव, विनाचौकशी, ठरावीक मुदतीशिवाय अटकेत ठेवण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलला या रेग्युलेशनाने दिला. मुंबई इलाख्यात १८२७च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाने तेच साधले, आणि प्लेग अधिकारी रँड याच्या वधानंतर १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना कोणताही खटला न चालविता ज्या हुकुमाने उचलून नेले, तो याच रेग्युलेशनाच्या आधारे काढलेला होता.

रत्नागिरी जिल्ह्याला तर अशा अटकेचा परिचय फार निकटचा आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत येथे सरकारच्या पहाऱ्यात राहिला. विनायक दामोदर सावरकरांची १९२४ साली सुटका झाली ती जिल्ह्याची हद्द न ओलांडण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटीवर, आणि त्या अटी १९३७ सालापर्यंत कायम राहिल्या. जयगडची खाडी, किल्ला व बंदर हे सारे त्या हद्दीच्या आत मोडत होते. राजा आणि राजकीय क्रांतिकारक यांच्या या कथा सर्वांना ठाऊक आहेत. या प्रकरणाचा विषय मात्र तिसऱ्याच प्रकारचा माणूस आहे. ज्याचे जीवन सूक्ष्मदर्शकाखाली, बीजपेटीत किंवा गणिताच्या कागदावर चालले आहे, अशा शास्त्रज्ञावर राज्यसंस्थेचा संशय जडला, म्हणजे काय होते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम एका कोकणच्या माणसाची हकिकत सांगतो, कारण तिच्यात अपराधाचा लवलेशही नाही आणि म्हणूनच ती या विषयाचा पाया ठरावी अशी आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे १८८४ साली मालवणात जन्मले. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असताना या तरुणाने सुट्टीत सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्या पायांखाली घातल्या आणि १९११ साली सातारा जिल्ह्यातील नदीच्या गोड्या पाण्यात त्याला एक इवलासा छत्रीच्या आकाराचा प्राणी आढळला. हा गोड्या पाण्यातील जेलीफिश होता, आणि त्या प्रकारचे जेलीफिश त्यापूर्वी केवळ आफ्रिकेतून ठाऊक होते. साहजिकच कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या अ‍ॅनंडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करताच जीवशास्त्रज्ञांचे लक्ष या सातारच्या नदीकडे वेधले. आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयासाठी जी मोजकी माणसे निवडली, त्यांत आघारकरांना वनस्पतिशास्त्राचे रासबिहारी घोष अध्यासन मिळाले, आणि अध्यापन आरंभण्यापूर्वी उच्च शिक्षणासाठी त्यांची रवानगी जर्मनीस झाली.

ते वर्ष १९१४ होते. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि काल-परवापर्यंत पाहुणा असलेला हा हिंदी वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रिटिश प्रजाजन या एकाच कारणाने शत्रूच्या मुलखातला मनुष्य ठरला व स्थानबद्धतेत गेला. ज्या ब्रिटिश सरकारच्या राज्यात त्याला पूर्ण नागरिकत्वाचे हक्क नव्हते, त्याच सरकारच्या प्रजेचा शिक्का त्याच्या स्वातंत्र्याआड आला, हा विरोधाभास त्या पिढीतल्या अनेकांच्या वाट्याला आला होता. आघारकरांनी त्या काळातही अभ्यास सोडला नाही. बर्लिनमध्ये आडोल्फ एंग्लर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या व खारट जमिनीवर वाढणाऱ्या झुडपांची बीजे कोणत्या उपायांनी दूरदूर पसरतात आणि ही झुडपे मुळात कोठून आली, या प्रश्नावर प्रबंध लिहिला व १९१९मध्ये पदवी मिळविली. एखादे बीज वाऱ्याने उडते, एखादे जनावराच्या केसाला चिकटते, एखादे पक्ष्याच्या पोटातून जाते. परदेशात अडकून पडलेल्या माणसाने बीजांच्या या मुक्त संचाराचा बारकाईने हिशेब मांडावा, यातील चिकाटी मला फार मोठी वाटते. परतल्यावर १९४६पर्यंत त्यांनी कलकत्त्याचा वनस्पतिशास्त्र विभाग सांभाळला. त्यानंतर पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या उभारणीत उर्वरित आयुष्य घातले, आणि आज त्या संस्थेची संशोधनशाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आघारकरांच्या अगदी उलट बाजूस, पण त्याच युद्धाच्या धामधुमीत, दुसरा एक मराठी शास्त्रज्ञ उभा होता. त्याच्यावरचा संशय निराधार नव्हता, हे प्रांजळपणे मान्य करूनच त्याची कथा सांगितली पाहिजे. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचे. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारलेले हे तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात जपानमार्गे अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी कृषिशास्त्राचा अभ्यास केला तो कॅलिफोर्निया, ओरेगॉन व वॉशिंग्टन येथील शिक्षणसंस्थांत, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील एका लष्करी शाळेतही शिक्षण घेतले. शेतकी आणि शस्त्र या दोन विद्या एकाच माणसाने एकाच वेळी आत्मसात केल्या याचे आश्चर्य वाटावयास नको, कारण भुकेल्या देशाला दोन्ही हवीत अशी त्याची खात्री होती. १९१३ साली हरदयाळ, सोहनसिंग भकना आदींनी पॅसिफिक किनाऱ्यावर जी संघटना उभारली आणि जी पुढे 'गदर' या तिच्या वृत्तपत्राच्या नावाने ओळखली गेली, तिच्या प्रत्यक्ष उठावाच्या बाजूची जबाबदारी खानखोज्यांकडे होती.

युद्ध सुरू होताच ते अमेरिका सोडून तुर्कस्तान व इराणच्या मार्गाने बलुचिस्तानच्या सीमेकडे निघाले. जर्मनीच्या साह्याने ब्रिटिशांविरुद्ध त्या प्रांतात उठाव घडवावा, हिंदी सैनिकांमध्ये बंडाचा विचार पसरवावा, हा त्या मोहिमेचा हेतू होता. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे ते तेथील लढाईत जखमी झाले, इंग्रजी सैन्याच्या हाती सापडले, तेथून निसटले आणि दक्षिण इराणातील भटक्या टोळ्यांच्या आश्रयाने दिवस काढले. इकडे सॅन फ्रान्सिस्कोत १९१७च्या नोव्हेंबरात 'हिंदू-जर्मन कटा'चा खटला उभा राहिला व १९१८च्या एप्रिलमध्ये निकालाच्या सुमारास न्यायालयाच्या दालनातच गदर पक्षाच्या रामचंद्रांचा गोळी घालून खून झाला. हिंदुस्थानात रौलट समितीचा अहवाल तयार होत होता आणि त्याच्यातून १९१९चा तो काळा कायदा जन्माला आला. या साऱ्या धामधुमीत खानखोज्यांचे नाव इंग्रज सरकारच्या यादीत चढले. ते खऱ्या आधारावर चढले होते, हे मी पुन्हा सांगतो. प्रश्न ते यादीत चढण्याचा नव्हे, तिच्यावरून उतरण्याचा आहे.

कारण यानंतर खानखोज्यांच्या आयुष्यात शस्त्राची जागा नांगराने आणि बीजाने घेतली. बर्लिन व मॉस्को येथील वास्तव्यानंतर १९२४च्या सुमारास ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी शाळेत अध्यापक झाले. तेथे त्यांनी मका व गहू यांच्या सुधारित वाणांवर काम केले आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतकी शाळांची चळवळ उभारली. मक्याच्या संकराचे काम किती चिकाटीचे असते हे जवळून पाहिले म्हणजे त्या माणसाच्या स्वभावाची ओळख पटते. मक्याच्या झाडाला शेंड्यावर नराचा तुरा असतो आणि खाली मध्यावर पानांच्या पेऱ्यात मादीचे कणीस. त्या कणसातून रेशमासारखे केस बाहेर येतात आणि प्रत्येक केस हा एकेका दाण्याचा मार्ग असतो. हे केस उमलण्यापूर्वीच कणसाला कागदाची पिशवी बांधावी लागते, नाहीतर शेजारच्या कुठल्याही झाडाचा पराग वाऱ्याबरोबर येऊन सारा हिशेब बिघडवतो. तुऱ्यालाही पिशवी घालून, सकाळच्या वेळी त्यातला ताजा पराग झटकून घ्यावा, कणसावरची पिशवी क्षणभर दूर करून तो केसांवर शिंपडावा, पुन्हा बंद करावी, आणि कोणत्या झाडाशी कोणते झाड जुळविले याची नोंद दोरीने लटकविलेल्या चिठ्ठीवर लिहावी. पिढ्यामागून पिढ्या हेच करावयाचे, आणि त्यातून मनाजोगते वाण निवडावयाचे. मक्याचा रानटी भाऊबंद जो तेओसिंते, त्याचाही उपयोग खानखोज्यांनी आपल्या प्रयोगांत केला. त्यांच्या कणसांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकार स्त्रीने काढली, आणि मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा याने जी भित्तिचित्रे रंगविली, त्यांतल्या एका चित्रात भाकरी मोडून वाटणारी व्यक्ती म्हणून खानखोजे दिसतात. एखाद्या मराठी कृषिशास्त्रज्ञाचा असा सन्मान परक्या भूमीवर झाला आणि आपल्याला तो कित्येक वर्षे ठाऊकही नव्हता, ही गोष्ट माझ्या मनाला टोचते.

१९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला. ज्याने स्वातंत्र्यासाठी घर सोडले, त्याने घरी परतण्यासाठी परवाना मागावा ही सहज गोष्ट होती. तो परवाना प्रथम नाकारला गेला, कारण इंग्रजी अमदानीत तयार झालेली काळी यादी स्वतंत्र भारताच्या दफ्तरात जशीच्या तशी उतरली होती आणि त्या यादीत पांडुरंग खानखोजे हे नाव कायम होते. पुढे हा नकार फिरविण्यात आला आणि ते नागपूरला येऊन राहिले. राज्य बदलले, ध्वज बदलला, परंतु यादी लिहिणाऱ्याची जागा रिकामी झाली म्हणून यादी मिटली नाही. कारकुनाच्या दृष्टीने ती एक नोंद होती, आणि नोंद रद्द करण्याचा हुकूम कोणी काढला नाही तोपर्यंत तिचे बंधन टिकून राहिले. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, हे मला अधिक चिंताजनक वाटते, कारण दुष्टाव्याचा प्रतिकार करता येतो, पण दुर्लक्षाच्या दफ्तराशी झगडणारा माणूस भिंतीशी बोलत असतो.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून सुमारे अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले. हरितक्रांतीचा मोठा आधार असलेले ते बियाणे नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे निर्माण केले होते. त्याचे श्रेय खानखोज्यांना देणे अन्यायाचे ठरेल. परंतु मेक्सिकोच्या भूमीवर गहू-मक्याची सुधारणा करू पाहणाऱ्या आपल्याच माणसाला आपण घरी येऊ देण्यास कचरलो, आणि तेच मेक्सिकन बियाणे जहाजांनी मागविले, हे दोन प्रसंग एका पिढीच्या आत घडले. २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे नागपुरात वारले.

आता प्रश्न असा उभा राहतो की, शास्त्रज्ञावर असा संशय इतका लवकर का बसतो. याचे कारण शास्त्रात आहे. ज्या रसायनाने शेत पिकते तेच योग्य मात्रेत स्फोटकाचा कच्चा माल होते, ज्या सूक्ष्मजंतूपासून लस तयार होते तोच रोगही पसरवू शकतो, आणि अणूच्या गर्भातील बलांचा अभ्यास करणाऱ्यास अणुबाँबशी जोडणे सामान्य माणसालाही अवघड जात नाही. परंतु ज्ञान हाती असणे व त्याचा दुरुपयोग करण्याचा निश्चय असणे यांत जे अंतर आहे, ते अंतर मोजणे हे तपास अधिकाऱ्याचे पहिले काम. ते जेथे होत नाही, तेथे विद्यापीठाची पदवीच फिर्यादीचा पहिला मुद्दा बनते.

याचे आपल्या काळातील एक ठळक उदाहरण फ्रान्समध्ये घडले. अल्जीरियात जन्मलेले आणि फ्रान्समध्ये वाढलेले आदलेन हिशूर हे जिनिव्हाजवळच्या सर्न संशोधनसंस्थेतील एका मोठ्या प्रयोगात काम करीत होते. ऑक्टोबर २००९मध्ये त्यांना अटक झाली. उत्तर आफ्रिकेतील अल-कायदाशी संबंधित व्यक्तीशी त्यांनी इंटरनेटवरून पत्रव्यवहार केल्याचा आरोप होता, आणि त्या पत्रांत फ्रान्समधील लष्करी लक्ष्याचा उल्लेखही होता. बचाव असा होता की, ते गंभीर आजारात तीव्र औषधे घेत असताना लिहिलेले हे शब्द होते आणि प्रत्यक्ष कृतीच्या दिशेने एक पाऊलही पडलेले नव्हते. निकाल मे २०१२मध्ये लागला. पाच वर्षांच्या शिक्षेतील एक वर्ष तहकूब ठेवण्यात आले, आणि तोपर्यंत त्यांचा अडीच वर्षांहून अधिक काळ कच्च्या कैदेत गेला होता. नोबेल पारितोषिक विजेते जॅक स्टाइनबर्गर यांच्यासारख्या ज्येष्ठांनी त्यांच्या बाजूने आवाज उठविला. पुढे ते ब्राझीलमध्ये विद्यापीठात काम करू लागले, परंतु २०१६ साली तेथूनही त्यांना परत पाठविण्यात आले. न्यायालयाने दोषी ठरविलेल्या माणसाचे कौतुक मी करणार नाही, पण शिक्षा भोगून झाल्यावरही संशयाचे ओझे उतरत नाही, हे यात ठळकपणे दिसते.

आपल्याकडचीही दोन उदाहरणे आहेत. बंगळुरात २०१२च्या ऑगस्टअखेर काही तरुणांना दहशतवादी कटाच्या संशयावरून अटक झाली. त्यांत संरक्षण संशोधन व विकास संघटनेत काम करणारा एक कनिष्ठ संशोधक आणि एक पत्रकारही होता. सुमारे सहा महिन्यांनी, आरोपपत्राची मुदत भरत आली असताना, राष्ट्रीय तपास यंत्रणेने दाखल केलेल्या आरोपपत्रात या दोघांची नावे नव्हती आणि ते सुटले. दुसरे उदाहरण मराठी माणसाचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचे आनंद तेलतुंबडे हे अभियांत्रिकीचे पदवीधर, व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक आणि लेखक. भीमा कोरेगावच्या हिंसाचारामागील कटाच्या आरोपावरून ते १४ एप्रिल २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेपुढे हजर झाले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये त्यांना जामीन मंजूर करताना दहशतवादी कृत्याची कलमे सकृद्दर्शनी लागू होत नाहीत असे म्हटले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते बाहेर आले. तोवर तुरुंगात एकतीस महिने सरले होते. त्या काळात खंडित झालेला अभ्यास, दुरावलेले विद्यार्थी आणि अपुरे राहिलेले लेखन यांची भरपाई कोणत्या कायद्यात आहे, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

या दोन्ही प्रकरणांमागील कायदा म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियम १९६७. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि २००८च्या दुरुस्तीने दोन गोष्टी फार कडक झाल्या. एक, आरोपपत्र दाखल करण्याची मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढविता येते. दुसरे, आरोप सकृद्दर्शनी खरा वाटण्यास वाजवी आधार असल्यास न्यायालयाने जामीन देऊ नये असा दंडक कलम ४३डच्या पाचव्या पोटकलमात घातला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये, जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची तपशीलवार छाननी करू नये असे सांगितले. २०२१ साली मात्र त्याच न्यायालयाने असेही ठरविले की, खटला लवकर संपण्याची आशा नसताना दीर्घकाळ कैद भोगावी लागल्यास घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात. दहशतवादी हल्ल्यांत निरपराध माणसे मरतात आणि तपास यंत्रणेला हात बांधून चालणार नाही, हे मला मान्य आहे. मुंबईने १९९३ आणि २००८ साली जे पाहिले ते विसरून कोणीही या विषयावर लिहू नये. परंतु ज्या संशयाला मुदत नाही आणि ज्याचे कारण लेखी मिळत नाही, तो संशय १८१८च्या त्या रेग्युलेशनाचाच वारसदार ठरतो.

या वारशाला आज काही आळा आहे, आणि तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे लवकरात लवकर कळविण्याची, त्याच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याची आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे राहण्याची हमी दिली आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यांना यातून वेगळे ठेवले असून तेथे सल्लागार मंडळाची तरतूद आहे. 'न्यूजक्लिक' या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी निर्णय दिला की, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमाखाली अटक झालेल्या माणसालाही अटकेची कारणे लेखी स्वरूपात मिळालीच पाहिजेत. नुसते कलमांचे आकडे सांगून भागणार नाही. तेव्हा घरातील कोणावर अशी वेळ आली तर तो कागद मागून घ्यावा, त्यावरची तारीख व वेळ पाहावी आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्तीस मोफत कायदेशीर साह्याचा हक्क आहे, आणि जयगडच्या माणसाने त्यासाठी रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो.